दवाखान्यातला अवयवदानाचा अर्ज

मरणाचा विचार माणसाने एकांतात करावा, असं म्हणतात. नेदरलँड्समधल्या हार्लिंगनच्या दवाखान्यात सीत्स्केबाईंनी तो नवऱ्याला अकरा खोकणाऱ्यांसमोर करायला लावला.

"गेर्लोफ, अवयवदानाचं आज ठरवूनच टाकू. हो, नाही, की बायको ठरवेल?"

"तू ठरव. घरातले पडदेसुद्धा तूच ठरवतेस."

"पडदे परत करता येतात. तू तिथे पडलेला असताना डॉक्टरांना मी उत्तर द्यायचं? मला नाही जमणार. तूच सांग."

"बरं, मूत्रपिंडं दे."

"यकृत?"

"देतो, पण घेणाऱ्याची काळजी वाटते."

"डोळे?"

"ते नकोत. वर स्वर्गात आईला ओळखायचं कसं?"

"चर्चमध्ये शेवटचा गेलास तो आपल्या लग्नात. तू आणि स्वर्गात?"

"म्हणून तर. तिथे आईशिवाय ओळखीचं कोणी नाही."

"अरे, तुझ्या डोळ्यांनी कुणाला तरी पुन्हा दिसायला लागेल."

"समुद्र दिसेल त्याला? भरतीचा?"

"इथे राहत असेल तर रोज दिसेल."

"मग देऊन टाक, सीत्स्के. डोळे, हृदय, सगळं दे. मागे काही ठेवू नकोस."

"खरंच? थांब, फोनवर अर्ज उघडते. तुझा पासवर्ड सांग."

त्याने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. सरकारी नोंदणीचं पान उघडलं आणि बाईंनी मोठ्याने वाचलं:

"आमच्या दोन्ही पत्रांना आपलं उत्तर न आल्यामुळे, सर्व अवयव देण्यास आपली हरकत नाही, अशी नोंद पाच वर्षांपूर्वीच केली आहे."