खंडेनवमीला धुतलेले बोल्ट

हॅलो?… हां दादा, बोल. लॅबमध्येच आहे… जेवले की. बोल तू.

पाहिला ना फोटो. खंडेनवमीला विहिरीवरची यारी काय चकाचक केली होतीस… क्रेन नवीच वाटत होती… झेंडूचा हार पण दिसला… बरं, मग?

बोल्टाचं डोकं उडालं? कधी?… यारी बंद असताना? आपोआप?

थांब, दुकानदाराला शिव्या नंतर दे. गंजलेले होते ना ते बोल्ट? मग एवढे चमकले कशानं?

…संडास धुवायचं अ‍ॅसिड. रातभर… सगळेच?

दादा, ऐक ना. विहिरीत कोण आहे आत्ता?

आबा?… एकटेच?

यारीला हात लावू नको. बंदच राहू दे… अरे भेग दिसत नसतेच. अ‍ॅसिडात बुडबुडे आले होते ना? तो हायड्रोजन. सगळा वर नाय जात, थोडा लोखंडात शिरतो. लई बारीक असतो, आतल्या आत हिंडतो, कुठं सांदीत अडकून बसतो. बोल्ट आवळला की जिथं ताण तिथं गोळा होतो. मग ते लोखंड वाकत नाय, खापरावाणी फुटतं. त्याच दिवशी नाय, नंतर कधीतरी.

व्हय, मजबुतीसाठीच ट्रकचे कडक बोल्ट घातलेस, कळतंय मला. पण कडक लोखंडालाच हे जास्त बाधतं. साधे असते तर एवढी भ्याले नसते.

तापवून?… तापवतात, तो हायड्रोजन घालवायला, पण धुतल्या धुतल्या. आत भेग पडल्यावर तापवून काय जुळतंय?

तू चुकलास असं म्हणले का मी? आबांना वर घे आधी… बकेटमधून नाय, दादा. यारीखाली उभंच राहू देऊ नको, कडेला सरकायला सांग. शेजारच्या फकिराकाकांची दोराची शिडी आहे ना? ती ट्रॅक्टरला बांध. आणि वेगळा दोर आबांच्या कमरेला… ओरडू दे त्यांना. माझं नाव सांग.

फोन ठेवू नको. खिशात राहू दे.

…

दादा?… निम्म्यावर?… हं.

…

हॅलो… आबा? लागलं का कुठं?… व्हय, मीच थांबवलं काम… नाय, बोल्ट तुटेलच असं नाय सांगता येत. कुणालाच नाय येत… नाय तुटला तर लई बरं, आबा. जल्मभर हसा मला. पण तुम्हाला बकेटमध्ये बसवून बघायची गोष्ट आहे का ती?

सगळे बोल्ट बदलेपर्यंत यारी फिरणार नाय. दादाला सांगा… आणि त्याला बोलू नका. पूजेसाठीच केलं त्यानं.

नाय, रडत नाय मी… सर्दी झालीय.

आबा, कमरेचा दोर तसाच आहे व्हय अजून?… आधी काठापासून लांब या… अजून… आता सोडा.

सोडला?… बरं. ठेवते मग.