पुन्हा आत

मुलांच्या मनोविकारतज्ज्ञांकडे नातीला घेऊन मी बसले होते. शेजारी पालकांना मदत करणाऱ्या एका संस्थेच्या बाई एका आईला शिकवत होत्या. नव्याने येणाऱ्या पालकांची पाठराखण तिला करायची होती.

“समजा, मी घाबरलेली आई आहे. बोला.”

“काळजी करू नका ताई, सगळं ठीक होईल.”

“तुमच्या मुलाच्या वेळी कोणी असं म्हणालं होतं?”

“सगळेच! एकेकाला चप्पल फेकून मारावीशी वाटायची.”

“मग तेव्हा काय हवं होतं?”

“डॉक्टर सांगत होते आणि मी नुसती मान हलवत होते. माझ्या बाजूने कुणीतरी पुन्हा विचारायला हवं होतं.”

“मग जा. त्या बाई आत्ताच डॉक्टरांकडून बाहेर आल्यात, रडताहेत.”

ती उठून त्या रडणाऱ्या बाईंजवळ गेली.

“ताई, मीही मुलाला घेऊन इथेच यायचे. डॉक्टर काय म्हणाले, कळलं का?”

“ओ की ठो कळलं नाही हो. हो हो म्हणत राहिले.”

“मीही तेच केलं होतं. चला, दोघी आत जाऊन पुन्हा विचारू.”

“डॉक्टर चिडले तर?”

“माझ्यावर चिडू देत. माझा आज पहिलाच दिवस आहे.”

तेवढ्यात नर्सने आमचा नंबर पुकारला. मी जागेवरून हलले नाही.

“आधी या दोघी जातील,” मी सांगितले.