मुंग्यांची कापूसमंडी

अरे, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तवा मी पांढुर्ण्याच्या दवाखान्यात गुंगीत पडून होतो. खाटेवरून मुंग्यांची रांग चालली होती अन् काहींच्या तोंडात कापूस होता. मले वाटलं, आमच्या गावच्या बैलबंड्या कापूस विकाले सौंसरच्या मंडीत जाऊन राहिल्या. बैलांच्या घुंगराचा आवाजही येत होता.

"सिस्टर, पाहा ना, कापूस चालला."

ते हसली. "कुठून निघाला, दादा?"

"बाजूच्या खाटेखालच्या बादलीतून."

तिचं हसू थांबलं. बादलीत बाजूवाल्याच्या सडलेल्या जखमेचा कापूस अन् पट्ट्या होत्या.

"अन् मंडी कुठं हाय?"

मी पोटाच्या टाक्यांकडे बोट दाखवलं.

तिनं चादर उचलली. मंडी गच्च भरली होती!

"अवो, सारे जंतू टाक्यात जातीन!" ते मुंग्या झटकून राहिली, अन् मी म्हणतो, "थांबा ना बाई, पहिले माझी बंडी रिकामी होऊ द्या."