लिंबाखालची जागा

शकुन : मेथी नको तं नका घेऊ, चारूताई. आज मी इकाले नाई आली.

चारुशीला : मग बसा ना, शकुनबाई. काल अंगणात आपली फिल्म दाखवली, त्याबद्दल तुमच्याशी बोलायचंच होतं. बाबांचे सगळे वकील मित्र आले होते. तुमच्या बाजाराचे साहेबसुद्धा! मध्येच डोळे पुसत होते.

शकुन : पुसले असतीन. आज सकाळी त्याच मानसानं यादीतून माहं नाव खोडलं.

चारुशीला : कसली यादी?

शकुन : नव्या मार्केटातल्या ओट्यायची. लिंबाखाली ज्या बाया पयलेपासून बसतात, त्यायलेच ओटे. पार्बताबाईले भेटला, सुभद्राले भेटला. मले म्हने, तू लिंबाखालची नाईच.

चारुशीला : असं कसं? दहा वर्षं बसताय तुम्ही तिथे!

शकुन : बारा. त्याच्या आंधी माही सासू बसे. तं म्हने, काल फिलममधी म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं, तू तिकडं भितीपाशी बसते.

चारुशीला : भिंतीपाशी...

शकुन : आठोलं? "शकुनबाई, जरा उन्हात सरका," कोन म्हनलं व्हतं?

चारुशीला : सावलीत तुमचा चेहरा काळा येत होता हो. मुंबईला आमचे सर सांगतात, माणसाचा चेहरा दिसला नाही तर त्याच्यावरचा अन्यायही दिसत नाही.

शकुन : दिसला ना मंग. चांगला लख्ख दिसला.

चारुशीला : पण एका सकाळपुरत्याच सरकला होतात तुम्ही!

शकुन : फिलममधी तेवढी एकच सकाळ हाय. बाकीची बारा वर्सं कुठी हायेत?

चारुशीला : काल तिथल्या तिथे का नाही बोललात? साहेब समोरच बसले होते.

शकुन : समोर तुमी व्हत्या. आमा बायायले तुमच्या मायनं पडद्याच्या मांगं बसोलं, गोठ्यापाशी. तिकडून सारंच उलटं दिसे. मले वाटलं, त्याच्यानंच लिंब त्या बाजूले गेला.

चारुशीला : मी मशीनपाशी होते, मला कळलंच नाही. आईची तर मला लाज वाटते! चला, आत्ताच्या आत्ता साहेबांकडे जाऊ. जागा मी बदलली, असं सांगते त्यांना.

शकुन : तोंडी नाई चालत. मी सांगून आली सारं. तो म्हने, फिलम खोटी हाय असं वकीलसायबाच्या पोरीनं लिहून द्यावं, दुपारच्या आंत नाव घालतो. हा घ्या कागद. कोरा हाय.

चारुशीला : 'खोटी' असंच लिहायचं?

शकुन : त्याच्यापाशी सबूत तोच हाय ना.

चारुशीला : शकुनबाई, ही माझी परीक्षेची फिल्म आहे. सोमवारी मुंबईला पाठवायची आहे. निवड झाली तर गावोगाव दाखवतील. तुमच्यासारख्या हजारो बायांच्या कामाची आहे ती. खोटी म्हणून लिहून दिलं तर कोण दाखवेल?

शकुन : हजारो बाया मले नाई माईत. मी एक हाय.

चारुशीला : दोन दिवस द्या मला. बाबांना विचारते.

शकुन : ओटे आज वाटून राह्यले.

(चारुशीला कागदाची घडी घालते.)

चारुशीला : पुढच्या महिन्यात कॅमेरा घेऊन परत येते मी. तुमच्यावर झालेला हा अन्यायसुद्धा दाखवू आपण. नक्की दाखवू.

शकुन : टोपली उचलून द्या, ताई. ऊन चढलं का भितीपाशी मेथी टिकत नाई.