जाकिटाची नाडी

— कोणी म्हणून कोणी विश्वास ठेवला नाही माझ्यावर. चौकीतल्या शिपायाने नाही, गावप्रमुखाने नाही, सख्ख्या दिराने नाही. सगळ्यांचं एकच पालुपद — बाई, तुमचा माणूस जागा सोडून डुकरामागे धावला आणि गोळीच्या आड आला, कोण काय करणार! आणि तू आज येतोस, मावशी तुमच्या शेतात शिकार करू का विचारतोस, मी नियम सांगायला लागले की हसतोस? हसू नकोस. तो सुरा दे इकडे. तो नाही, पातळ पात्याचा. बाटली राहू दे फडक्यात, माझे हात रक्ताने भरलेत — बघू मग काय आणलंयस ते. हे डुकराचं धूड ना? पिंजऱ्यात सापडलं पहाटे. गजांतून भाला घातला मानेत, तरी धडका देत होतं, गज वाकवले बघ मेल्याने. शेवटी कुऱ्हाडीच्या पाठीने कपाळ फोडलं तेव्हा निवलं. दया? माझी निम्मी रताळी खाल्लीत याच्या खानदानाने, आणि जेवढी खाल्ली नाहीत तेवढी तुडवलीत. दया शहरात घेऊन जा परत.

तर ऐक. जाकीट केशरीच, आणि घामाने भिजलास तरी काढायचं नाही. चाप ओढायचा तो डुकराच्या मागे माती दिसत असेल तर — झाड दिसलं, आभाळ दिसलं, की नळी खाली, मग डुक्कर तुझ्या मांडीवर येऊन बसो. आणि शिट्टी झाल्याशिवाय जागा सोडायची नाही. डुक्कर मेलं तरी नाही. मेलं की मग तर मुळीच नाही! कारण तेव्हाच तुम्हा लोकांना पित्ताचं वेड लागतं. ज्याच्या गोळीने डुक्कर पडेल, पित्ताची पिशवी त्याची — हाच कायदा ना तुमचा? डुक्कर गरम आहे तोवर कापायची, तोंड घट्ट बांधायचं, सोजूच्या दारूत टाकून ठेवायची आणि म्हातारपणी घोट घोट प्यायची, म्हणे कंबर ताठ राहते. एका पिशवीपायी माझ्या घराची कंबर मोडली ती कोणी बघितली नाही.

तिघे होते त्या दिवशी. आमचे हे वर अक्रोडाखाली. फिल-हो — तो जाड चष्म्याचा, पलीकडच्या वाडीतला — पंपाच्या खोलीपाशी. आणि टेकाडाच्या धारेवर उन-जूचे बाबा — लेकीच्या नावानेच ओळखतो त्यांना आम्ही — गळ्यात शिट्टी, तेच म्होरके. कुत्री रानातून डुक्कर हाकणार, तिघांनी खाली ओढ्याच्या दरडीकडे मारायचं, म्हणजे चुकली तरी गोळी मातीत. ओढ्यात उतरायचं नाही कोणी. — काय झालं? पांढरा का पडलास? रक्त पाहवत नाही आणि निघाला शिकारीला! बस तिथे पाटावर. जवाचं पाणी पी.

मी चुलीपाशी होते. एक बार झाला. मग दुसरा. म्हटलं, पडलं बाई डुक्कर, आता शिट्टी होईल. शिट्टी काही होईना. भात खाली लागला, करपला, घरभर धूर झाला — आणि तेव्हा कुठे शिट्टी. एवढा वेळ काय करत होते रे तिघे? हे विचारलं मी चौकीत. शिपाई म्हणतो, काकू, घाबरलेल्या माणसाला वेळ लांब वाटतो. मी घाबरले नव्हते! मी भात शिजवत होते!

यांना मी धुतलं. माझ्या हाताने. गोळी बरगडीखालून शिरलेली आणि खांद्यातून वर निघालेली, मूठ जाईल एवढं भोक पाडून. वर उभ्या माणसाला खालून गोळी कशी लागते, सांग? ओढ्यात कोणी उतरल्याशिवाय? तर चौकीत म्हणाले, ते वाकून धावत असतील. पण नखांत अक्रोडाची साल होती त्यांच्या — झाडाला धरून खाली बसलेला माणूस धावतो होय? उन-जूचे बाबा एवढे रडले तिरडीपाशी, डोकं आपटून घेतलं, म्हणाले, वहिनी, मी धारेवरून ओरडलो हो, जागा सोडू नको म्हणून. मला वाटलं, मग फिल-होच! तोच उतरला असणार खाली. बाजारात गाठला त्याला आणि कुदळीच्या दांड्याने दोन दात पाडले, चष्मा पायाखाली चुरडला. नुसता बसून राहिला मेला, तोंड धरून. म्हणे, ताई, मी हललो नाही. कोण ऐकतं.

दुसऱ्या दिवशी ओढ्यात उतरले. डुक्कर तिथेच फुगून पडलं होतं, मेलेल्या माणसाच्या शिकारीला कोण हात लावणार. मी ओढून काढलं एकटीने. पोटाला बोटभर चीर, आत हात घातला — पित्ताची पिशवी गायब! अरे, वर माणूस घरघर करतोय आणि खाली कोणी डुकराचं पोट चाचपतंय! आणि जाकीट — यांचं जाकीट परत आलं त्याची डाव्या बाजूची नाडी नव्हती. तुटलेली नाही, कापलेली. सुऱ्याने, सरळ. शिपाई म्हणे, काट्यांत अडकली असेल. अरे, मी शिवलेली नाडी मला ठाऊक नाही? गोधडीच्या काठाचं हिरवं कापड, पांढरा दोरा संपला म्हणून लाल दोऱ्याने नागमोडी टाके घातलेले —

बाटली का ओढतोस तिकडे? ठेव. ठेव म्हणते ना! भेट आणलीस ती परत नेतोस? हात धुतले माझे, सोड ती गाठ.

...

सोजूच आहे. आत पिशवी आहे. काळी पडलीय, आकसून बोराएवढी झालीय. आणि तोंड बांधलंय ते —

हिरवं.

हा लाल टाका बघ. हा बघ, आणि हा. वळला तिथे दोरा दुहेरी घेतला होता मी.

म्हणजे आधी वर गेला. यांच्यापाशी. यांचे डोळे उघडे असतील तेव्हा, बघत असतील, वाटलं असेल आता हा उचलेल मला — आणि त्याने सुरा काढून नाडी कापली, खाली उतरला, पिशवी बांधली, धार चढला आणि मग वाजवली शिट्टी.

कुठून आणलीस? बोल. कपाटातून? सासऱ्याच्या? मागे दडवलेली, म्हणून भारी असेल वाटलं, न विचारता उचललीस. बरोबर. त्याने थोडीच दिली असती माझ्या घरी. आणि बायको? बायकोचं नाव काय तुझ्या?

उन-जू.

रडू नकोस. सुरा तुझ्यावर नाही उगारलेला, हातात आहे म्हणून आहे. ऊठ. जाकीट घाल, माझ्या शेतातून जाताना केशरीच घालून जायचं. संध्याकाळी बंदुका जमा करायला सगळे चौकीसमोर रांगेत उभे राहतात, तोही असेल. मी येतेय. बाटली माझ्याजवळ राहील. जाता जाता फिल-होला निरोप दे, म्हणावं ताईने बोलावलंय. आणि शिपायाला सांग, कागद काढून ठेव — काय लिहायचं विचारेल तो. आजवर मी त्याला उन-जूचे बाबा म्हणत आले. आता नाही. लिही म्हणावं —

बेक जोंग-दू.