माय आणि मिलची चिमणी

आता हसू येतं, पण त्या दिवशी मी पार घाबरलो होतो. हिंगणघाटच्या नव्या लेआउटमध्ये आम्ही राहायला आलो आणि त्याच आठवड्यात माय हरवली. तिथली सगळी घरं सारखी, म्हणून मीच तिला सांगून ठेवलं होतं, "चुकलीस त मिलची चिमणी पाह्यजो. आपलं घर तिकडंच आहे." चिमणी साऱ्या गावातून दिसते, हे मला सुचलंच नाही.

दुपारी दळण आणायला गेलेली माय दिवस कलला तरी परतली नाही. मला अनोळखी माणसाशी बोलायची लाज, तरी दारोदार विचारत फिरलो. शेवटी सगळं ऐकून शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू तिले चिमणी सांगतली ना? मंग चिमणीपाशीच जाऊन पाह्य ना, बाबू!"

सायकल हाणत गेलो. मिलच्या फाटकाजवळ माय कमरेवर पिठाचा डबा घेऊन, मान वर करून उभी होती.

"माय, इथं काऊन उभी?"

"चूप. वर पाह्य."

मी पाहिलं. रोज छपरांवरून दिसणारी चिमणी खालून थेट आभाळात शिरली होती. तेवढ्यात ती अख्खी आमच्यावर कलली. मी मायचा हात धरून पळालो. डबा पडला, पीठ रस्त्यावर सांडलं.

फाटकावरचा चौकीदार हसायला लागला. "पडत नाई ते, मावशी. वरतं ढग चालून राह्यले, म्हून तसं वाटते. पहिल्या दिवशी मीबी असाच पळालतो."

मायनं पदरानं तोंड पुसलं आणि कळवळून विचारलं, "म्हणजे भाऊ, तुमीबी घरच चुकलते का?"