नदीतलं मीठ

हॅलो?... हॅलो? कोण, रोतिया? अगं हो, आईच बोलतेय... थांब, चर्चच्या पायरीवर चढते, इथे जरा बरं ऐकू येतं... हं, बोल.

जेवलीस का?... परत कसाव्याचे कंद? अगं मग खा ना! फिजीत आहेस तू आता. मावशी काय डोंगरातून रोज तुझ्यासाठी मासे धरायला जाणार?

काय?... काय प्यालीस? नदीचं पाणी! ओंजळीने?... अगं, निदान उकळून तरी... बरं बरं, नाही बोलत. कसं लागलं?... गोड. नारळाच्या पाण्यासारखं?... कशासारखंच नाही... हं.

मास्तर काय म्हणाले? सावकाश सांग... डोंगरावर पाऊस पडतो. बरं... दगड झिजतात... दगडातलं मीठ नदीतून समुद्रात... पण आत्ता तर गोड म्हणालीस!... असं होय. असतं, पण जिभेला कळू नये इतकं थोडं... आणि ऊन नुसतं पाणीच उचलून नेतं, मीठ मागेच राहतं... कोटी कोटी वर्षं? अगं बाई...

रोतिया... आपल्या बेटावर ना डोंगर, ना नदी. मग आपल्या दारातलं हे मीठ सगळं दुसऱ्यांच्या डोंगरांचं?... हसू नकोस गं. ओहोटीला शिंपल्या वेचत मी त्यातूनच फिरते. कधी मनातच आलं नाही, आपण कुणाच्या तरी विरघळलेल्या डोंगरातून चाललोय...

तुझे बाबा वेगळंच सांगायचे. आठवतं?... हो, हो, तेच! समुद्र गोडा असता तर माणसांनी पिऊन संपवला असता, आणि मासे बिचारे उघड्यावर पडले असते!

शुक्! शुक्!... तुला नाही, डुकराला.

सुट्टीत? ये की... म्हणजे? कायमची?... का गं, कुणी बोललं का?... मग?... समुद्राचा आवाज नाही म्हणून झोप लागत नाही... हो... हो गं राणी... अगं ऐक ना... ऐकून तर घे... रोतिया, नको येऊस.

नाही, रागावले नाही... विहीर गेली, बाळा... गेली म्हणजे, मागल्या उधाणात समुद्र आत शिरला. आधी नुसतं मचूळ लागायचं, चहात चालून जायचं. आता तोंडात धरवत नाही... बाबाई लावलेल्या खड्ड्यातही खारं पाणी आलं, अळवासारखी ती मोठी पानं पिवळी पडली, कंद कुजले... पितो ना, चर्चच्या टाकीतलं, पावसाचं. सगळ्यांना वाटून... अगं, मला एकटीला लागतं कितीसं!

हो, लपवलं. सांगितलं असतं तर काय, तिथून फुंकर घातली असतीस?

मी? तिकडे?... नाही गं. बाबा इथे आहेत. त्यांच्या कबरीवरचं गवत कोण... काका काढेल, कळतं मला... तसं नव्हे... डोंगरात मी काय करू? कुठे बघत बसू?

काय ऐकवतेस?... मागच्या दाराशीच आहे नदी?... बरं, धर फोन. जपून हं, दगड निसरडे असतील... आता बोलू नकोस.

...

...

हं.

...येतोय आवाज... असं बोलतं होय गोडं पाणी... आणि दम खायलाही थांबत नाही? आपला समुद्र येतो, मग जातो. हिचं नुसतं जाणंच... कुठे निघालीय एवढी? समुद्राकडेच ना... म्हणजे कधी तरी आपल्या दारात...

नाही, रडत नाही. वारा आहे इथे.

मावशीला दे बरं... तिआरेती, ऐक. पोरीला झोप नाही, आज तिच्याजवळ झोप. आणि... तुझ्या घरात माझ्या चटईपुरती जागा निघेल का?... अगं, ओरडतेस काय, कान फुटला माझा!... कायमचं-बियमचं काही नाही. आधी येऊन तर बघते... हो, बोटीचं विचारते. पण पहिल्यांदा ह्यांच्या कबरीशी जाऊन बसते जरा... न सांगता कशी येऊ?... काय सांगणार म्हणजे? नदी बघायला चाललेय म्हणेन... हॅलो?... तिआरेती?... हॅलो?